लेकीच्या घरचं पाणी

बाबा, मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. गरजच पडली नाही. माझ्या चरोद्यापासून तुमचा रुआबांधा काही परदेश नव्हता, आणि लिहिलेलं वाचण्यापेक्षा समोर बसून बोललेलं तुम्हाला आवडायचं. शिवाय माझं शिक्षण सगळं हिंदीत झालं, मराठी आपली घरातली, शेगडीजवळची. तेव्हा काही चुकलं तर हसू नका. आणि मधेच राग आलेला दिसला तर तोही वाचून घ्या, कारण तुम्ही होता तेव्हा तो मी गिळतच गेले. गोष्ट त्या दुर्गच्या कोर्टाची आहे. तुम्ही दादावर खावटीची केस केली, असं सगळे नातेवाईक अजून बोलतात. तुम्ही कुठं केली? मी करायला लावली. मुलगा कमावता असेल तर म्हाताऱ्या बापाला पोसणं त्याला कायद्यानं भाग आहे, हे तुमच्या कानात मी घातलं. तुम्ही तर शेवटपर्यंत 'पोटच्या पोरावर केस करतेत काय बाई' हेच म्हणत होते.

पण सुरुवात कोर्टात नाही झाली. ती आपल्या सेक्टरच्या क्वार्टरात, आईच्या स्वयंपाकघरात झाली. तुम्ही पोलादाच्या कारखान्यात कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर होता. भट्टीच्या माथ्यावर वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्याची छाती जशी होते तशी तुमची झाली होती. पाळी करून आले की अंगणातल्या खाटेवर बसून आधी खोकायचे आणि मग बोलायचे. मला आठवतं, एकदा विश्वकर्मा पूजेला घरच्या माणसांना प्लांट बघायला आत सोडलं होतं, तेव्हा तुम्ही लांबूनच आम्हाला ती भट्टी दाखवली. एवढ्या लांबूनही तोंड भाजत होतं. तुम्ही माझ्या डोक्यावर तुमचा पंचा धरून चालत होते आणि दादाला म्हणत होते, 'पाह्य इकडं, जळलं न जळलं सारं आपल्याच अंगावर येते.' डॉक्टरनं तुम्हाला हलकं काम सुचवलं होतं. ते घेतलं असतं तर तुमची नोकरी अजून बरीच वर्षं चालली असती. पण त्या काळी माणूस मेडिकल अनफिट होऊन घरी बसला की त्याच्या जागी घरातल्या एकाला प्लांटमध्ये घ्यायचे, आणि दादा मॅट्रिकला दुसऱ्यांदा आपटला होता.

आई वांग्याची भाजी फोडणीला टाकत होती. तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून म्हणालात, "मी अनफिट होऊन राहिलो. पोट्ट्याचं आयुष्य तं लागन मार्गाले." आई झाऱ्यानं भाजी हलवत राहिली. मी पोळ्या लाटत होते. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "मंग मले लावा ना बाबा. मी तं पास हाये, फर्स्ट डिव्हिजनमधी." तुम्ही हसलात. वाईट हसला नाहीत, लाडानंच हसलात. "बाई, तू तं उद्या दुसऱ्याच्या घरी जाशीन. नोकरी का आंदनात नेशीन?" दादा हसला, आई हसली, आणि सगळे हसले म्हणून मीही हसले. पोळी मात्र तव्यावर करपली आणि आईनं मला त्यावरून दोन शब्द ऐकवले. मी त्या दिवशी रडलेबिडले नाही, बाबा. रीतच ती होती, आणि रीतीवर कोण रुसतं! पण आत कुठंतरी ते जाऊन बसलं. दादाला नोकरी लागली, तुम्ही घरी बसलात. जो काही फंड मिळाला तो दादाच्या आणि माझ्या लग्नात गेला. पेन्शन तेव्हा नव्हतीच.

माझं लग्न रेल्वेच्या माणसाशी झालं. हे यार्डात होते, चरोद्याला कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर. मी तिथल्या एका खाजगी शाळेत शिकवायला लागले तेव्हा तुम्ही बाजारातून माझ्यासाठी चामड्याची पर्स घेऊन आलात. "मास्तरीनबाईच्या खांद्याले पर्स पायजे," म्हणालात. रंग इतका भडक तांबडा की वर्गातली पोट्टी हसायची. तरी मी ती वापरली, पट्टा तुटेपर्यंत वापरली. तुमचा जीव होता माझ्यावर, हे मला कधी कुणी सांगावं लागलं नाही. म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातं.

आपल्याकडे लेकीच्या पदरात मूल पडल्याशिवाय आईबाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत. आई तर माझ्या घरी आलीच नाही कधी. तुम्ही यायचे. रविवारी लोकलनं चरोद्याला उतरायचे, खांद्यावर पिशवी, पिशवीत फडक्यात बांधलेल्या घरच्या पोळ्या, मिरचीचा ठेचा आणि पाण्याची बाटली. अंगणातल्या पेरूखाली बसून खायचे. हे बिचारे दर वेळी म्हणायचे, "बाबा, निदान घोटभर चहा तरी घ्या," आणि तुम्ही हात जोडायचे, "पोरगं होऊ द्या जवाईबापू, मंग पाह्यजा कसा पाव्हनचार खातो तं." पहिली काही वर्षं आम्ही तिघंही त्यावर हसायचो. मग डॉक्टर झाले, रायपूर झालं, नवस झाले, आणि मूल काही झालं नाही. एका रविवारी माझ्या लक्षात आलं की तुम्ही ते पोराचं बोलणं सोडून दिलंय. नुसतं "नाई, राहू द्या" म्हणायचे. रीत पाळली, पण तिचं कारण तोंडातून काढणं बंद केलं. मला लागेल म्हणून. इतकं जपणारा माणूस उन्हाळ्यात, बाटलीतलं तापलेलं पाणी पीत माझ्या माठाकडे बघायचा आणि नजर वळवायचा. मला वाटायचं, काय हा हट्ट! आणि खरं सांगू, थोडं बरंही वाटायचं. का ते सांगते पुढं.

आई गेली आणि तुम्ही दादाच्या क्वार्टरात एकटे पडलात. वहिनीला मी वाईट म्हणणार नाही, तीन लेकरं, दादाची पाळी, त्यात रात्रभर तुमचा खोकला. तुम्हीही काही साधे नव्हते, बाबा. भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचे. एक दिवस कशावरून तरी बाचाबाची झाली आणि दादा बोलून गेला, "मी कुठवर पुरू?" तुम्ही पेटी सायकलच्या कॅरियरला बांधली आणि रुआबांध्याच्या बस्तीत एक खोली भाड्यानं घेतली. ज्या पोराला स्वतःची नोकरी दिली त्याच्या घरून तुम्ही सायकल ढकलत निघालात, आणि तो थांबवायला आला नाही. दुसऱ्या दिवशी येईल वाटलं, तेव्हाही आला नाही. मग बाजाराच्या सायकल स्टँडवर तुम्ही टोकन द्यायला बसू लागलात. मला हे माहीतच नव्हतं. शाळेतल्या एका बाईबरोबर मी बाजारात गेले, तिनं सायकल लावली, टोकनासाठी हात पुढं केला, आणि टोकन देणारा हात तुमचा. तुम्ही माझ्याकडे पाहिलं आणि ओळख दाखवली नाही. माझी लाज राखली. तिकडून परत येताना माझं डोकं असं भणभणलं होतं की बस्स.

तेव्हाच मी कलम एकशे पंचवीसच्या खावटीच्या केसबद्दल ऐकलं होतं, शाळेच्या एका सरांकडून. दुर्गला वकील गाठला, तुमच्याकडे आले. तुम्ही खोलीच्या दारात बसून तांदूळ निवडत होते. "मी काई उपाशी नाई मरून राहिलो," तुम्ही म्हणालात, "तुले कावून एवढी घाई?" मी किती बोलले! म्हटलं, तुमची नोकरी त्यानं घेतली, क्वार्टर त्यानं घेतलं, आता जबाबदारी कोन घीन, शेजारी? म्हटलं, तुम्ही आज गप्प बसलात तर उद्या तो तुम्हाला ओळखणार नाही. तुम्ही ऐकत होते आणि तांदळातले खडे बाजूला काढत होते. शेवटी म्हणालात, "ठीक हाये बाई, तू म्हनते तं." तुम्हाला वाटलं मी तुमच्यासाठी भांडते आहे. मलाही तसंच वाटत होतं. आज मला त्यात स्वयंपाकघरातली ती करपलेली पोळीही दिसते. दादाला एकदा तरी उभं करून कुणीतरी विचारावं, एवढंच मला हवं होतं. ते मी तुमच्या तोंडून विचारवलं.

कोर्टात त्या दिवशी कडक ऊन. तुम्ही धुतलेलं धोतर नेसून आले होते, दादा दुसऱ्या बाजूला मान खाली घालून उभा. मी साक्षीला. दादा काही देत नाही, बाबा एकटे राहतात, सायकल स्टँडवर बसतात, सगळं मी नीट सांगितलं. मग दादाचा वकील उठला. काय गुळगुळीत माणूस! "आप नौकरी करती हैं?" जी, म्हटलं. "आपके पति भी?" जी. "तो पिताजी को आप क्यों नहीं रख लेतीं? कानून में बेटा और बेटी में कोई फ़र्क़ नहीं है." बाबा, त्या क्षणी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नोकरी द्यायच्या वेळी फर्क होता, आणि आता नाही? आता मी लेक नाही, लेकाबरोबरीची? मला ओरडून हे सगळं सांगायचं होतं, पण ते कोर्टात सांगायचं कसं? आणि रागाच्या खाली दुसरंच एक होतं. भीती होती. जजसाहेब म्हणतील, ठीक आहे, मुलीनं न्यावं. ते मला नको होतं. म्हणून मी हाताशी होतं ते बोलले. "साहब, ये मेरे घर का पानी तक नहीं पीते. हमारे यहाँ बेटी के घर का नहीं खाते."

साहेबांनी मान डोलावली. लिहिणाऱ्या बाबूनं डोलावली. वकीलसुद्धा 'अच्छा' म्हणून बसला. रीत सगळ्यांनाच माहीत होती, छत्तीसगढी असो की मराठी. मी बोलले त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण मी तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही माझ्याकडे पाहत होते. रागावलेले नव्हते. आपलं मूल पहिल्यांदा खोटं बोलताना पकडल्यावर माणूस बघतो तसे बघत होते. जे तुम्ही माझ्या प्रेमापोटी पाळत आले होते, त्याच्या आड मी जाऊन उभी राहिले, आणि तेही भर कोर्टात, तुमच्यासमोर.

पुढची तारीख पडली. आपण बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. दादा जिन्यापाशी उभा होता, जाऊ का थांबू असं करत. तुमची पिशवी तुमच्या मांडीवर होती आणि तिच्यातून तुमच्या बाटलीचं झाकण दिसत होतं. बाटली अर्ध्याच्या वर भरलेली होती, मी नीट पाहिलं. तुम्ही माझ्या पर्सकडे बोट केलं. "बाई, तुह्यं पानी दे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी बाटली काढून दिली. घरून भरलेली, माठातलं पाणी. तुम्ही ती वरून नाही धरली. तोंडाला लावली आणि घटाघटा प्यायलात, सगळी, गळ्याची घाटी वरखाली होत होती. मिशा पुसल्या. "गोड हाये चरोद्याचं पानी," म्हणालात आणि बाटली माझ्या हातात दिली. मग माझ्याकडे पाहत बसलात. काही मागितलं नाही. नुसते वाट पाहत बसलात. एवढ्या वर्षांची रीत तुम्ही एका बाकावर बसून मोडली, ज्या माणसानं बायकोच्या तेराव्यालाही माझ्या हातच्या डब्यातलं खाल्लं नव्हतं त्यानं. मला फक्त एक वाक्य म्हणायचं होतं. चला बाबा, घरी चला. तुम्ही ते म्हणणं सोपं करून ठेवलं होतं, पार समोर आणून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "बाबा, माह्यी गाडी हाये. निघू?"

तुम्ही लगेच हसलात. "हाव, निघ निघ. जवाईबापू वाट पाहात असन." आणि स्वतःच उठून उभे राहिलात, मला उठायला लावायला.

गाडीत मी स्वतःला सांगितलं, ऊन होतं, तहान लागली असेल. घरी आल्यावर ह्यांनाही हेच सांगितलं. हे म्हणाले, "बाबा आपलं पाणी प्यायले?" आणि इतके खूश झाले की मी विषयच बदलला.

निकाल तुमच्या बाजूनं लागला. दादाला दर महिन्याला कोर्टात पैसे भरावे लागले, तुम्ही ते आणून खोलीचं भाडं द्यायचे. म्हणजे जिंकलात. पण त्यानंतर तुम्ही चरोद्याला एकदाही आला नाहीत. मी विचारलं तर म्हणायचे, गुडघे दुखून राहिले. आता कळतं, येणार तरी कसे? पोळ्या बांधून येणं आता खोटं झालं असतं, आणि न बांधता यायला कुणी बोलावलं नव्हतं. मी महिन्यातून एकदा रुआबांध्याला येत होते. तुमची खोली झाडायची, भांडी घासायची, आणि दिवस मावळायच्या आत परत. तुम्ही मला चहा करून द्यायचे. तुमच्या हातचा चहा मी पीत होते, बाबा. मला कोणती रीत आडवी आली नाही.

पुढच्या थंडीत छाती भरली तेव्हा दादा आला. ज्याला मी कोर्टात उभं केलं, तोच आला. शेजाऱ्यानं निरोप दिला आणि पाळी सोडून आला, तुम्हाला हॉस्पिटलात नेलं, तिथून आपल्या क्वार्टरात आणलं. वहिनीनं तुमचं सगळं केलं, पाजणं, पुसणं, सगळं. मी सुट्टी काढून आले तेव्हा तुम्ही ओळखत होते पण बोलत नव्हते. दादा तुमच्या उशाशी बसून तुमची पाठ चोळत होता. मला म्हणाला, "बस ना, उभी कावून?" मी बसले. त्या दिवशी मला दादाचा हेवा वाटला. तो चुकला होता आणि त्याला परत यायला वाट मिळाली. तुम्ही त्या दुखण्यातून उठलाच नाहीत.

त्या बाकावर 'घरी चला' का म्हटलं नाही, त्याचं खरं कारण सांगते, तुम्ही विचारलं नाही तरी. त्या दोन खोल्या मला फार आवडायच्या, बाबा. मूल नाही म्हणून लोक हळहळायचे, आणि मीही हळहळायची, पण संध्याकाळी शाळेतून आल्यावर ते घर शांत असायचं आणि ती शांतता माझी होती. लहानपणापासून मी कुणाच्या तरी ताटाशी उभी होते. तुमच्या, दादाच्या, आणि आईच्या दुखण्यात तिच्या उशाशी. मला परत कुणाच्या खोकल्यावर जागं राहायचं नव्हतं. तुमचा खोकला मला नको होता. तुम्ही हवे होते, रविवारी, पेरूखाली, स्वतःच्या पोळ्या घेऊन. म्हणून तुमची रीत मला बरी वाटायची.

दादानं रिसालीत घर बांधलंय आता. नातवंडं मराठी समजतात, बोलत नाहीत. मी दिवाळीला जाते. हे पत्र त्याला दाखवावं असं एकदा मनात आलं, मग म्हटलं कशाला, त्याचं झालं ते पुरे आहे. कुणालाच दाखवणार नाही. आजवर ज्यानं ज्यानं विचारलं, वहिनीनं, शाळेतल्या बायांनी, अगदी दादानंही, की बाबांना तुझ्याकडे का नाही नेलं, त्याला मी एकच सांगत आले. ह्यांना चाललं नसतं, रेल्वेचं लहान क्वार्टर, जावयाच्या दारात सासरा कसा राहील. हे हयात होते तेव्हाही सांगायची, त्यांच्या पाठीमागं. हे गेले त्यालाही आता बराच काळ झाला, आणि त्यांच्या नावावर ते तसंच राहून गेलं.

मी ह्यांना विचारलंच नव्हतं, बाबा. हे हो म्हणतील याची मला खात्री होती, म्हणून विचारलं नव्हतं.